लेबलवरचा बांबू आणि हातातला बांबू

बांबूची कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिची कापलेली कड बघते. लाकूडकामाचा नाद असल्यामुळे ही सवय जडली. बांबूचा आडवा छेद एकदा नीट पाहिला की पुन्हा ओळखायला चुकत नाही. फिकट पिवळ्या गरात गडद तपकिरी ठिपके असतात. आतल्या पोकळीकडे ते मोठे आणि विरळ, आणि सालीकडे जावं तसे बारीक आणि दाट. अगदी बाहेरच्या कडेला तर सुटे ठिपके दिसतच नाहीत, एक सलग गडद पट्टा दिसतो. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या आणि त्यांच्याभोवती चिवट तंतूंचं वेष्टन. बांबूची सगळी ताकद या तंतूंत, आणि ती बाहेरच्या बाजूला एकवटलेली. वर्षावलयं मात्र शोधून सापडणार नाहीत. बांबू गवताच्या कुळातला. कोंब जमिनीतून वर येतो तोच पूर्ण जाडीचा, पुढे तो फक्त उंच होतो.

बांबूच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू मी घरात रोज वापरते. त्यांतल्या काहींवर माझा जीव आहे, काही पुन्हा घेणार नाही. फरक कुठे पडतो, तर कडेला ते ठिपके दिसतात की नाही तिथे. बांबू बांबूच्या रूपात राहिला असेल तर वस्तू बहुतेक वेळा चांगली निघते. त्याचा भुगा केला किंवा रसायनात विरघळवून टाकला, की उरतं फक्त नाव, आणि पैसे आपण त्या नावाचे मोजतो.

सगळ्यांत जास्त वापर चॉपिंग बोर्डचा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

बांबू पोकळ असल्यामुळे त्याची सरळ फळी निघत नाही. नळी उभी चिरून पट्ट्या काढतात, सालीकडचा आणि पोकळीकडचा भाग रंधून टाकतात, पट्ट्या उकळून आणि वाळवून घेतात आणि मग गोंदाने एकमेकींना चिकटवून दाबतात. म्हणजे बांबूचा जवळजवळ प्रत्येक बोर्ड हा जोडकामाचा असतो, आणि त्याचं आयुष्य जोडावर ठरतं. बोर्ड घेताना मी तो उजेडात तिरका धरून पट्ट्यांमधल्या रेषांवरून नख फिरवते. नख अडकलं तर तो बोर्ड नको. तिथे पाणी शिरणार आणि आधी काळी रेघ, मग भेग पडणार. कोणता गोंद वापरलाय आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू किती सुटतो हे लिहिलेलं असेल तर तो निर्माता मला जास्त विश्वासाचा वाटतो. गोंदाबद्दल चकार शब्द न काढता नुसतं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ छापणारा नाही.

पट्ट्या कशा बसवल्यात त्यानेही फरक पडतो. आडव्या, रुंद बाजू वर करून लावलेल्या असतील तर गाठींच्या खुणा छान दिसतात, पण सुरीचे ओरखडे लवकर उठतात. पट्ट्या कडेवर उभ्या लावलेला बोर्ड जास्त टिकतो. माझा तसाच आहे. रोजच्या चिरण्याने त्याच्या मधोमध तंतू किंचित उभे राहिले होते, हाताला लव लागावी तसे. बारीक पॉलिश पेपर फिरवला, धूळ पुसली आणि खाण्याच्या दर्जाचं मिनरल ऑइल चोळलं. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत. स्वयंपाकाचं तेल लावू नये, ते आत खवट होतं आणि वास धरतं.

दोन रंगांचे बोर्ड मिळतात. गडद तपकिरी रंग वरून दिलेला नसतो. बांबू दाबाखाली वाफवला की त्यातली साखर करपते आणि रंग पार आतपर्यंत चढतो. दिसायला देखणा, पण या प्रक्रियेत बांबू थोडा मऊ पडतो. कापण्यासाठी फिका घ्यावा, गडद वाढायच्या तबकासाठी ठेवावा.

या बोर्डाबद्दल तक्रार एकच. बांबूत सिलिका असते आणि तो एकंदरीत कठीणही आहे, त्यामुळे सुरीची धार मऊ लाकडाच्या मानाने लवकर बोथट होते. रोजच्या साध्या स्टीलच्या सुरीला काही बिघडत नाही, अधूनमधून धार लावली की झालं. पण ज्यांच्याकडे पातळ पात्याची, कडक पोलादाची महागडी सुरी आहे त्यांनी लाकडाचा बोर्ड घ्यावा. आणि कुठलाही बांबू डिशवॉशरमध्ये किंवा सिंकमध्ये भिजत घालू नये. धुतल्यावर उभा, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा ठेवावा. एवढं सांभाळलं तर या वस्तूला मी साडेचार तारे देईन.

बांबूचा टूथब्रश ठीक आहे. दांडा खरा बांबूचा असतो आणि हातात धरायला प्लास्टिकपेक्षा मला आवडतो. केस मात्र जवळजवळ सगळ्या ब्रशांचे नायलॉनचेच. ‘वनस्पतीजन्य’ केस म्हणून एरंडेल तेलापासून केलेलं नायलॉन वापरतात. कच्चा माल वनस्पतीचा असला तरी पदार्थ नायलॉनच, मातीत टाकलं म्हणून ते कुजत नाही. केसांचे झुपके भोकात पक्के बसवायला धातूची बारीक पट्टी असते. म्हणून ब्रश झिजला की पक्कडीने केस उपटून काढायचे आणि मगच दांडा खतात टाकायचा. बांबू पाणी ओढतो, त्यामुळे ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला की दांड्याचा खालचा भाग काळा पडतो. मेण लावलेला दांडा घ्या, वापरून झाल्यावर झटका आणि पेल्यात न ठेवता टांगा. दात घासण्याचं काम केसांचं, त्यामुळे केस मऊ आहेत की नाही हे दांड्याच्या आधी बघा.

आता कापड. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण बांबूच्या नावावर सगळ्यांत जास्त पैसे इथे घेतले जातात.

माझ्याकडे ‘बांबू’ची चादर आहे. स्पर्श उत्तम आहे, यात वाद नाही. गार लागते, अंगावर छान पडते, घाम शोषते. पण पाकिटावर मोठ्या अक्षरांत बांबू आणि शिवणीतल्या इवल्याशा पट्टीवर व्हिस्कोज. खरी माहिती त्या पट्टीवरची. व्हिस्कोजची पद्धत ब्रिटनमध्ये १८९२ साली पेटंट झाली आणि तिचं मूळ सूत्र अजून तेच आहे. वनस्पतीचा लगदा करायचा, कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची, त्याचा मधासारखा घट्ट द्रव झाला की बारीक छिद्रांतून आम्लाच्या टाकीत सोडायचा. तिथे तो गोठून धागा बनतो. लगदा बांबूचा असो, निलगिरीचा असो की पाइनचा, शेवटी मिळतं ते शुद्ध सेल्युलोज. सुरुवातीला सांगितलेले ते चिवट तंतू, ज्यांच्यामुळे बांबू बांबू आहे, ते पहिल्याच टप्प्यात संपलेले असतात.

कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेला घातक आहे, आणि व्हिस्कोज कारखान्यांतल्या कामगारांवरचे त्याचे परिणाम शंभराहून अधिक वर्षं नोंदले गेले आहेत. त्यामुळे ‘कीटकनाशकांशिवाय वाढलेला’ हे वाक्य जरी खरं असलं तरी ते शेतापुरतंच आहे. शेत ते चादर हा मधला सगळा प्रवास त्या वाक्यात येत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ पासून याच मुद्द्यावर विक्रेत्यांवर कारवाया केल्या आहेत: रेयॉनला (व्हिस्कोज हा त्याचाच प्रकार) नुसतं बांबू म्हणून विकायचं नाही, आणि बांबूतला जंतुरोधक गुण धाग्यात उतरतो असं पुराव्याशिवाय सांगायचं नाही. २०२२ मध्ये दोन बड्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. तरी ‘जंतुरोधक बांबू मोजे’ अजून दिसतात. मोजे मी वापरलेत. मऊ आहेत, पण वास येण्यात सुती मोज्यांहून वेगळेपण मला जाणवलं नाही.

वापरातला अनुभव सांगायचा तर व्हिस्कोज ओलं असताना कमजोर होतं. मशीनमध्ये जोरात पिळलं, गरम पाण्यात धुतलं की चादरीवर गोळे येतात आणि कडा ताणल्या जातात. थंड पाणी, हलकं चक्र आणि सावलीत वाळवणं, हे पाळलं तर टिकते. मऊ चादर म्हणून मी तिला तीन तारे देते. बांबूची चादर म्हणून एकही नाही. बांबूच्या लगद्यापासूनच, पण वेगळ्या रसायनाने केलेलं लायोसेल नावाचं कापड मिळालं तर ते घ्या. त्यात वापरलेला द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवून पुन्हा वापरतात आणि कार्बन डायसल्फाइडचं काम पडत नाही. बांबूचे तंतू अंबाडीसारखे सडवून, विंचरून काढलेलं कापडही असतं. ते लिननसारखं खरखरीत, महाग आणि क्वचित दिसणारं. पाकिटावर खूप मऊ असल्याचा दावा असेल तर ते हे कापड नव्हे, एवढं धरून चाला.

कपांबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगते. ‘बांबू फायबर’चे रंगीत, हलके, पडले तरी न फुटणारे कप आणि ताटल्या म्हणजे बहुतेक वेळा मेलामाइन राळेत मिसळलेली बांबूची पूड. कप फुटत नाही तो राळेमुळे, आणि ती राळ प्लास्टिक आहे. मी घेतलेल्या कपाची आतली चकाकी गरम चहाने काही महिन्यांतच गेली. बोट फिरवलं की बारीक खडबड लागायची, पूड उघडी पडल्यासारखी. गरम आणि आंबट पदार्थांमुळे अशा भांड्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड उतरू शकतं, आणि बांबूच्या पुडीमुळे राळ आणखी लवकर झिजू शकते. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०२० मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला. युरोपीय संघात तर प्लास्टिकमध्ये बांबूची पूड घालून अन्नाची भांडी करायला परवानगीच नाही आणि २०२१ पासून तिथे असा माल शोधून बाजारातून काढण्याची मोहीम चालली. घरात असा कप असेल तर त्यात गरम काही ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको, आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका. माझ्याकडून शून्य. बांबूच्या कांड्याचाच पेला असेल, आत गाठीचा पडदा तळ म्हणून दिसत असेल, तर ती वस्तू पूर्ण वेगळी आणि सुंदर.

फरशीसाठी बांबूच्या पट्ट्यांचं फ्लोअरिंग मी एका ओळखीच्या घरात रोज पाहते. साध्या पट्ट्यांचं फ्लोअरिंग कठीणपणात ओकच्या आसपास असतं. तंतू चेचून राळेत भिजवून प्रचंड दाबाखाली केलेलं त्याच्या दुपटीहून कठीण, पण त्यात राळही भरपूर. बाथरूमजवळ दोन्ही नको.

टॉयलेट पेपर घेताना घटक वाचावेत. ब्रिटनमधल्या ‘विच?’ या ग्राहकसंस्थेने २०२४ मध्ये बांबूचा म्हणून विकला जाणारा कागद तपासला तेव्हा काही ब्रँडमध्ये बांबू नावापुरताच निघाला, एकात तर ३ टक्क्यांहूनही कमी.

जाहिरातीत हमखास येणारं एक वाक्य म्हणजे ‘जगातली सर्वांत वेगाने वाढणारी वनस्पती’. काही जाती अनुकूल दिवसांत २४ तासांत ९१ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे, हे खरंच. पण तो वेग उंचीचा. एका हंगामात पूर्ण उंच झालेला बांबू तेव्हा पाणीदार आणि कच्चा असतो. भिंती लाकडासारख्या कडक व्हायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. वस्तू टिकाऊ हवी असेल तर पुरवठादाराला बांबू किती वर्षांचा कापला हे विचारावं. ज्याला सांगता येतं तो आपलं काम जाणतो.

पक्व बांबूलाही एक शत्रू आहेच. बांबूत पिठूळ अंश साठलेला असतो, आणि त्यासाठी बारीक भुंगेरे बांबू पोखरतात. पुस्तकांच्या मांडणीखाली, दिव्याच्या टोपलीखाली रोज सकाळी पिठासारखी बारीक पूड दिसायला लागली आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर तो त्यांचाच उद्योग. वस्तू उलटी करून, खालून भोकं नाहीत ना बघून मगच घ्या. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू बराच काळ सुरक्षित राहतो. जुन्या लोकांची युक्ती बांबू पाण्यात किंवा वाळूत मुरत ठेवण्याची. फिलिपिन्समधल्या लास पिन्यास इथल्या चर्चमध्ये १८२४ साली पूर्ण झालेला, नळ्यांतून हवा सोडून वाजवायचा मोठा ऑर्गन आहे. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. दिएगो सेरा या पाद्र्याने तो बनवायला घेतला तेव्हा बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. १९७० च्या दशकात ऑर्गन दुरुस्तीसाठी जर्मनीला नेला आणि परत आणला, आणि तो आजही वाजतो. नीट मुरवलेल्या बांबूबद्दल याहून मोठी शिफारस मला ठाऊक नाही.

खुर्च्या आणि झोपाळे बघताना बांबू आणि वेत यांत गल्लत करू नका. वेत हा वेलीसारखा चढणारा ताड, आतून भरीव. म्हणून तो वाकतो, गोल वळवता येतो. बांबू पोकळ. खुर्चीच्या हाताच्या घट्ट वळणात बांबू म्हणून दाखवलेली कांडी सहसा वेताची असते, आणि त्या कामाला वेतच योग्य.

टेबलावर ठेवायचा ‘लकी बांबू’ हा तर बांबूच नाही. तो ड्रसीना सँडेरियाना नावाचं वेगळंच झुडूप, मूळचा मध्य आफ्रिकेतला; दांडा कापून पाहिला तर आत पोकळी नसते. घरातलं झाड म्हणून मात्र मला तो मनापासून आवडतो. कमी उजेडात, नुसत्या पाण्यात तग धरतो. नळाच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पानांची टोकं करपतात, म्हणून मी साठवलेलं पावसाचं पाणी घालते आणि पानं स्वच्छ हिरवी राहिली आहेत. मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यांच्या तोंडाला येणार नाही असा ठेवा, त्यांना तो बाधतो. नावातला बांबू खरा असण्याच्या बाबतीत मादागास्करमधला सोनेरी बांबू लेमूर हा माकडांच्या जातकुळीतला प्राणी सगळ्यांच्या पुढे. बांबूच्या कोंबांत सायनाइड देणारी द्रव्यं असतात, दुसरा प्राणी दगावेल एवढं तो रोज पचवतो, आणि ते कसं हा जीवशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे.

शेवटी बासरी. बांबूच्या सगळ्या वस्तूंत माझी सर्वांत लाडकी, आणि ज्यात बांबूवर सर्वांत कमी प्रक्रिया झालेली असते ती हीच. एक लांब, पातळ भिंतीचं कांडं, एका टोकाला बूच किंवा गाठ, आणि तापवलेल्या सळईने पाडलेली छिद्रं. कांड्याची पोकळी कधीच तंतोतंत गोल आणि एकसारखी नसते, त्यामुळे मोजमापाच्या तक्त्यावरून पाडलेली छिद्रं स्वरात बसतीलच असं नाही. चांगला कारागीर प्रत्येक छिद्र वाजवून, किंचित खरवडून जुळवतो. म्हणून बासरी न वाजवता घेऊ नका. खालचा सा आणि वरच्या सप्तकातला सा ट्यूनरवर तपासा. दोन्ही जुळले नाहीत तर पोकळीतच गडबड आहे, ती नंतर निघत नाही. तपासण्याआधी काही मिनिटं वाजवा, कारण गार बासरीचा स्वर खाली असतो आणि आतली हवा तापली की तो चढतो. छिद्रांच्या कडा आतून बघा, काळी पूड किंवा तंतू लोंबत असतील तर फुंकेत घरघर येते.

माझ्या बासरीवर कारागिराने दोन टोकांना आणि मध्ये दोरा घट्ट गुंडाळून वर लाखेचा हात दिला आहे. हे सजावटीसाठी नसतं. बांबू वाळताना तंतूंच्या दिशेने उभा तडकतो, आणि दोरा ती भेग उघडू देत नाही. कोरड्या हवेत मी आतून बदामाच्या तेलाचा पुसट हात फिरवते, फडक्याला लागेल इतकाच. वाजवून झाल्यावर आतला दमटपणा पुसून थोडा वेळ उघडी ठेवते आणि मगच कापडी पिशवीत घालते. प्लास्टिकच्या बंद नळीत ओली बासरी ठेवली तर बुरशी धरते, आणि ऊन लागणाऱ्या गाडीत ठेवली तर दोराही तिला वाचवू शकत नाही.